वास नसलेली लोकर

सांगलीच्या विश्रामबागेतल्या सूतवाल्याने मला फसवलं आणि मी कडेगावकडच्या एका म्हाताऱ्या बाईला फसवलं. त्याने जाणूनबुजून, मी नकळत. म्हातारीला या फरकाचं काही पडलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

माझं काम कराडजवळच्या मलकापुरात चालतं. जुने लोकरी स्वेटर उसवायचे, सूत रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, धनगरांकडच्या काळ्या लोकरीत मिसळून पुन्हा कातून घ्यायचं, आणि त्यातून स्वेटर, शाली, कानटोप्या विणायच्या. शहरातले लोक आता याला पर्यावरणपूरक म्हणतात. मी सुरू केलं तेव्हा सगळे भंगार म्हणत. कराडच्या स्टँडबाहेर खांद्यावर कानटोप्या टाकून मी उन्हात उभी राहिलेली आहे. उन्हात कानटोपी विकून दाखवावी कुणीही. आता हाताखाली सहा बायका आहेत आणि प्रत्येक कपड्याला आतून एक पट्टी शिवलेली असते: ‘यात प्लास्टिकचा धागा नाही.’ हे वाक्य माझं. कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

गिऱ्हाईक हातात घेतं आणि म्हणतं, टोचतंय हो. टोचणारच. लोकर आहे, लोणी नव्हे.

आमच्या भागात जुन्या लोकरीला तोटा नाही. घराघरातून माणसं फौजेत गेलेली. त्यांच्या बायका उत्तरेकडच्या क्वार्टरमध्ये राहून पहाडी शेजारणींकडून विणायला शिकल्या आणि परत येताना पत्र्याच्या पेट्या भरून स्वेटर घेऊन आल्या. इथल्या हवेत त्यांचा उपयोग किती? ते पेटीतच राहतात आणि कसर लागते.

म्हातारीचा स्वेटर असाच. मी तिला मावशी म्हणते. नवरा सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि तीन वर्षांपूर्वी गेला. तो पहिल्यांदा बर्फात गेला तेव्हा तिने क्वार्टरमध्ये बसून त्याला गडद हिरवा स्वेटर विणला होता. तो तिने माझ्यापुढे ठेवला तेव्हा कोपरांची आणि पाठीची कसरीने खाऊन जाळी झाली होती. शाल करून दे म्हणाली. रडणं नाही, काही नाही. “पेटीत कसर खाईल, त्यापरीस अंगावर ऱ्हाऊ दे,” एवढंच.

कसरीने खाल्लेला स्वेटर उसवला की लांब धागा निघत नाही, वीतभर तुकडे निघतात. ते पिंजून नव्या लोकरीसोबत कातावे लागतात. यंत्रावर असं थोडं काम करून देणारा माझ्या माहितीत एकच माणूस, विश्रामबागेतला. पुढे दुकान, मागच्या बाजूला शेड. दुकानाच्या पाटीवर हिरवं पान काढलेलं. प्रदर्शनात हा माणूस पृथ्वी वाचवण्यावर अर्धा तास बोलतो, खुर्चीवरून न उठता.

स्वेटरचे तुकडे आणि काळी लोकर एका गाठोड्यात बांधून मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे वेगळं कातायचं, दुसऱ्या कशात मिसळायचं नाही. तो म्हणाला, एका शालीसाठी यंत्र थांबवायचं, साफ करायचं, हे वेगळ्या दराचं काम आहे. मग आमची घासाघीस झाली. ती मला येते. मी दोनदा उठले. दुसऱ्यांदा पायऱ्या उतरून रस्त्यावर आले तेव्हा त्याने हाक मारली आणि माझा दर मान्य केला. कुरकुर केली नाही, तोंड वाकडं केलं नाही. विकणारा हरतो तेव्हा त्याचा चेहरा पडतो, निदान पडल्यासारखा तरी तो करतो. याचा पडला नव्हता. इतकी वर्षं बाजारात काढलेल्या बाईला हे तिथेच दिसायला हवं होतं. मला दिसलं. जिंकल्याच्या तोऱ्यात मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

पंधरा दिवसांनी सूत आलं. गडद हिरवं, मधे मधे काळे ठिपके. माझ्याकडची सगळ्यात जुनी विणकरीण दोन ओळी विणून थांबली आणि म्हणाली, “ताई, सुयांवरनं लय पळतंय हे. लोकर अशी पळत न्हाई.” मी तिला म्हटलं, धुतलेलं आहे म्हणून पळतंय, विण गप. बाईने गप विणलं. माझ्या आवाजापुढे माझ्याकडे कुणी बोलत नाही. या भानगडीत माझी सगळ्यात मोठी चूक हीच.

शाल घेऊन मी स्वतः गेले. मावशीने आधी चहा दिला, मग हात पुसून शाल घेतली. वीण बघितली, उलटी करून बघितली. मग तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तिने शालीचं टोक भिजवलं आणि नाकाशी धरलं.

“ह्याला वास न्हाई,” ती म्हणाली.

मी रिठ्याचं कारण सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ज्या बाईने तीस वर्षं ओले स्वेटर दोरीवर वाळत घातले, तिला मी लोकर समजावत होते. लोकर कितीही धुवा, भिजली की मेंढीचा वास येतो. हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आले आहे.

तिने टोकाचा एक धागा तोडला आणि काडी पेटवून त्याला लावली. लोकर जळते तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरडली की राख होते. हा धागा वितळला. शेवटाला काळा कडक मणी झाला. तिने तो मणी माझ्या तळहातावर ठेवला.

“मग माजा सेटर कुटं हाय?”

शाल तिने घडी करून परत दिली, तीही नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. त्या नीटपणाचा मला जास्त राग आला. शिव्या दिल्या असत्या तर मी निदान भांडले असते.

तिथून मी थेट सांगली गाठली. सूतवाल्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी मणी त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने नाकारलं नाही. ते तुकडे यंत्रात अडकत होते, म्हणून त्याने ते दुसऱ्या चिंध्यांत टाकले आणि बाजारातलं तयार प्लास्टिकचं सूत रंग जुळवून मला दिलं. चिंध्यांचा ढीग गादीवाल्याकडे गेला. कुठल्या, ते आठवत नाही.

“ताई, तुमी भाव केवढा पाडला ते आटवा की,” तो म्हणाला. “त्या भावात वेगळं कातून मिळत नसतंय.”

मी म्हटलं, मग नाही म्हणायचं होतं. मी पायऱ्या उतरलेच होते, जाऊ द्यायचं होतं. हाक कुणी मारली?

त्यावर तो जरा हसला आणि म्हणाला, “आवं, कुणाला कळतंय?”

त्या दुकानात मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोरच्या औषधाच्या दुकानातली माणसं बाहेर आली होती. तो मला अस्सल लोकरीचं सूत फुकट द्यायला निघाला. माझ्यासारख्या बाईने फुकटचं नाकारलं, हे पहिल्यांदाच.

मलकापुरात येऊन त्याच्याकडून आलेल्या सुताच्या प्रत्येक रिळाचा धागा मी जाळून बघितला. आणखी दोन रिळांचा धागा वितळला. त्या सुताचे कपडे ज्यांनी नेले त्यांना मी फोन केले. पट्टीवरचं वाक्य खोटं निघालं, माल परत करा, असं सांगितलं. एका बाईने विचारलं, पण मऊ आहे की हो, परत कशाला? जुन्या विणकरणीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. ती म्हणाली, असू द्या. तिच्या तोंडून ते ऐकताना मला बरं वाटलं नाही.

भाव मी पाडला, हे खरं. ते मी मावशीलाही सांगितलं, दुसऱ्या खेपेला, तिच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून. तिने मान हलवली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिला भावाशी देणंघेणं नाही. सुभेदाराचा स्वेटर कुणाच्या गादीत आहे, एवढंच तिला हवं आहे.

ते मला सांगता येत नाही. त्याला येतं, किंवा त्याने गादीवाल्यांच्या दारोदार फिरून शोधावं. मी त्याला तीनदा निरोप पाठवला, त्याने तीनदा लोकर पाठवली. लोकर मी परत पाठवते आहे. त्याने स्वतः यावं. कडेगावची एसटी विश्रामबागेवरूनच जाते. त्या सोप्यात त्या बाईसमोर बसावं, आणि मला जे म्हणाला ते तिच्या तोंडावर म्हणून दाखवावं: कुणाला कळतंय?