एकच चढाई

आमच्या शेजारी राहायला आलेला माणूस अमेरिकन फुटबॉल खेळून पोट भरतो हे कळलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो, "म्हणजे रिकामटेकडाच म्हणायचा." त्या रिकामटेकड्या माणसाचं सगळं आयुष्य ज्या गुडघ्यावर उभं होतं, तो गुडघा पुढे माझ्या हौसेपायी गेला. ही गोष्ट मी मित्रांमध्ये बऱ्याचदा सांगितली आहे, पण नेहमी अर्धीच. उरलेली अर्धी फक्त बायकोला माहीत आहे, आणि ती तिनं कधी कुणाजवळ काढली नाही. आज पुरी सांगतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये आम्ही नवीन घर घेतलं होतं. मी टेलिफोन एक्स्चेंजची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, बायको एका हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक्निशियन. शेजारचा खेळायचा उत्तरेकडच्या एका संघाकडून, पण सीझन संपला की सासुरवाडीचं गाव म्हणून टेक्सासला येऊन राहायचा. उंची माझ्याएवढीच, मांड्या मात्र माझ्या दुप्पट. काळा, मृदू बोलणारा, रविवारी टाय लावून चर्चला जाणारा. मला तो 'नेबर' म्हणायचा, कारण माझं नाव त्याला दोनदा सांगूनही जमलं नव्हतं आणि तिसऱ्यांदा विचारायला तो लाजत होता.

त्याचं काम काय, हे त्यानंच मला कुंपणापाशी उभं राहून समजावलं. रनिंग बॅक. मधला खेळाडू चेंडू हातात देतो, तो छातीशी धरायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत फट शोधून पळायचं. फट नसेल तरी पळायचंच. ज्या दिवशी चेंडू दुसऱ्याला मिळेल त्या दिवशी त्याच्यासाठी वाट करून द्यायची, म्हणजे स्वतः आपटायचं. आठ वर्षं त्यानं हेच केलं होतं, तीन संघांत. टीव्हीवर मुलाखत व्हावी असा तो कधीच नव्हता. तीस वर्षांचा झाला होता, आणि त्याच्या जागेवर खेळणाऱ्या माणसाला तिशीत म्हातारा धरतात, असं तो म्हणाला. मी तेव्हा अडतीसचा होतो आणि स्वतःला तरुण समजत होतो.

"अजून एक सीझन," तो म्हणायचा. "एकच मिळाला तरी पुरे. मग मी आपणहून थांबेन. मला त्यांनी थांबवलेलं नको आहे." हे वाक्य मी त्याच्या तोंडून तीन-चारदा तरी ऐकलं. जुलैत संघाचं शिबिर असायचं, त्यात नव्वद-शंभर माणसांतून निम्मी घरी पाठवायचे. त्याचं सगळं लक्ष त्या जुलैकडे लागलेलं होतं.

मी त्याला बदल्यात कबड्डी सांगितली. कॉलेजात मी कोपऱ्यात उभा राहायचो, घोटा धरण्यात माझा हात कुणी धरत नसे, हेही सांगितलं. जरा जास्तच सांगितलं असेल. एका दमात सात जणांच्या अंगणात जाऊन, शिवून, परत यायचं, हे ऐकून तो खूश झाला. "हे तर माझंच काम आहे," म्हणाला, "फक्त तुम्हाला बोलावंही लागतं." मग त्यानं तिथेच उभ्या उभ्या कबड्डी कबड्डी म्हणून दम किती टिकतो ते पाहिलं. त्याची बायको खिडकीतून बघत होती.

मे महिन्याच्या शेवटी आमच्या मराठी मंडळाची पिकनिक असायची. मी त्याला बोलावलं. आतिथ्य वगैरे होतंच, पण खरं सांगायचं तर मला त्याला मिरवायचं होतं. मंडळात सगळे डॉक्टर, आणि उरलेले माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावरचे इंजिनिअर. कुणाची मोठी गाडी, कुणाचा तळ्याकाठचा बंगला. माझ्याकडे त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे शेजारी. दोन आठवडे आधीपासून मी फोनवर सगळ्यांना सांगत होतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी बायको कामावरून आली, पर्स ठेवली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. घरात आम्ही दोघंच होतो, तरी.

"उद्या त्यांना टेबलं-बिबलं उचलायला लावू नका हं," ती म्हणाली.

"का?"

"आज आले होते आमच्याकडे. मीच फिल्म काढली. गुडघा फार वाईट आहे. संघाला कळू न देता इथल्या डॉक्टरांना दाखवतायत. डॉक्टर म्हणाले, जुलैपर्यंत सांभाळलात तर कदाचित निभेल, एकदा जरी वाकडा वळला तर संपलं. हे मी तुम्हाला सांगायलाच नको होतं, माझी नोकरी जाईल. पण तुमचं काही सांगता येत नाही, म्हणून सांगितलं."

मी म्हणालो, "बरं."

पिकनिकला तो बायकोसकट आला. पांढरा शर्ट, लांब पँट, हातात कलिंगड. आमच्या लोकांनी त्याला घेरलं. सगळ्यांनी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. मग जेवणं. बटाटेवडे, मसालेभात, सॉवर क्रीमचं श्रीखंड. तो वड्याला नको म्हणाला, तर एका काकूंनी दोन वाढले. पुन्हा नको म्हणाला, तर त्यांनी आणखी एक वाढला आणि वर म्हणाल्या, "संकोच करू नका." तो माझ्याकडे बघून हसला. मी त्याला सांगितलं की आमच्यात पहिल्या नकाराला किंमत नसते, दुसऱ्यालाही नसते, पाहुणा लाजतोय असंच आम्ही धरतो. हे मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यानं तिन्ही वडे निमूटपणे संपवले.

जेवणानंतर गवतावर मैद्यानं रेषा आखल्या आणि कबड्डी सुरू झाली. पोटं सुटलेले, मोजे काढून पँटी दुमडलेले सगळे. दोन डाव झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, तुमचे खेळाडू काय नुसते वडे खायला आणलेत? का ते बेंचवरच बसतात?"

सगळे हसले. त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं, ते सगळ्यांचीच अशी थट्टा करत. पण मला ते झोंबलं. मी त्याच्यापाशी गेलो आणि म्हणालो, "चल, एक चढाई."

तो म्हणाला, "नको, थँक यू."

काका म्हणाले, "अरे, लाजतोय." तोवर दहा-बारा जण जमले होते. कुणी त्याचा दंड धरून ओढत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं. एक जण म्हणाला, "कम ऑन यार, जस्ट वन्स."

तो दुसऱ्यांदा म्हणाला, "खरंच नको. मी बघतो ना, मजा येतेय." हे म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या घोळक्यात त्याच्या ओळखीचा मी एकटा होतो. त्याला वाटलं असणार, हा आपल्याला यातून सोडवेल. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की जाऊ द्या, त्याचं पोट भरलंय. पोट भरलंय म्हटलं असतं तरी भागलं असतं. गुडघ्याचं नावही काढायची गरज नव्हती.

मी म्हणालो, "एकच. माझ्यासाठी."

 मग त्यानं खाली बसून सावकाश बूट काढले.

मी धावत जाऊन कोपऱ्यात उभा राहिलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो कबड्डी कबड्डी म्हणत आला, हळूच, एका पायावर भार ठेवून. आमच्यातल्या एकाला त्यानं बोटानं शिवलं आणि मागे वळला. तेवढ्यात सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्यांच्यामधून तो असा काही निसटला की धरणारे एकमेकांवरच आपटले. तेवढे तीन-चार क्षण मला कळलं, हा माणूस आठ वर्षं काय करत होता. आणि तेव्हाच मी सूर मारून त्याचा घोटा धरला.

दोन्ही हातांनी, घट्ट. पाय माझ्या हातात राहिला आणि तो वरून वळला. त्याचा हात रेषेपलीकडे पोचला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही गवतावर आडवा पडून हसत होतो. त्याचा दम तुटला होता, पण तो ओरडला नाही. नुसता पडून राहिला, तोंड गवतात खुपसून.

मग म्हणाला, "मी ठीक आहे. एक मिनिट द्या."

बायको भातावर झाकण ठेवत होती, ती तशीच धावत आली. तिनं त्याची पँट वर केली, गुडघ्यावर हात ठेवला आणि कोल्ड्रिंकच्या पेटीतला बर्फ मागितला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.  परतताना गाडीत मीच म्हणालो, "चारचौघांत सगळे मागे लागल्यावर काय करणार?"

"तुम्हाला काही करावंच लागणार नव्हतं," ती म्हणाली. "'नको' तर ते स्वतःच म्हणत होते."

जुलैत तो बायकोसकट उत्तरेला गेला, शिबिरासाठी. जाताना मला म्हणाला, गुडघा बरा वाटतोय, आणि लॉनला पाणी घालशील का. मी रोज संध्याकाळी जाऊन पाणी घालत होतो. टेक्सासच्या त्या उन्हात माझं लॉन पिवळं पडलं, त्याचं हिरवंगार राहिलं. बायको ते बघत होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी पाइप घेऊन गेलो, तर त्याची गाडी दारात उभी. तो यायला अजून पाच महिने होते.

चार दिवस मी तिकडे फिरकलो नाही. पत्रपेटीतली पत्रंसुद्धा तो दिसत नाही असं बघून काढत होतो. पाचव्या दिवशी स्वतःचीच किळस आली आणि मी जाऊन बेल वाजवली.

त्यानं मला आत बसवलं, आइस्ड टी दिला. पाय समोरच्या स्टुलावर होता. तो शांतपणे सांगू लागला. तिथल्या डॉक्टरांनी गुडघा दोनदा वाकवून पाहिला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी एक जण येऊन म्हणाला, कोचनी बोलावलंय, तुझी डावांची वही घेऊन ये. वही परत मागितली की संघातून काढलं असं समजायचं असतं. गुडघा कसा गेला म्हणून विचारलं, तर घरच्या जिन्यावरून घसरलो असं त्यानं सांगितलं.

"कबड्डीचं त्यांना काय समजावणार?" म्हणाला आणि थोडं हसला.

मी म्हणालो, "तू नाही म्हणत होतास. आम्ही ऐकलं नाही."

"तू इतका खुशीत होतास," तो म्हणाला. "तुझ्या लोकांसमोर तुझा विरस करायचं जिवावर आलं माझ्या."

 मी आग्रहाचं पुराण लावलं. आमच्यात असं असतं, नको म्हणजे नको नसतं, वडेसुद्धा तुला तसेच वाढले होते, आम्हा सगळ्यांना वाटलं तू लाजतो आहेस. एकेक शब्द खरा होता. तो ऐकत होता. मग त्यानं ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "माझ्या गुडघ्याचं तुला काही माहीत होतं?"

त्या प्रश्नात आरोप नव्हता. तो खरोखर विचारत होता. बायकोच्या नोकरीचा विचार माझ्या मनात आला, ही गोष्ट खरी. पण तो नंतर आला, तोंडातून शब्द निघून गेल्यावर.

मी म्हणालो, "नाही."

त्यानं मोठा श्वास सोडला. त्याचा चेहरा मोकळा झालेला मला स्पष्ट दिसला. तो कष्टानं उठला, लंगडत माझ्यापाशी आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग मनाला लावून घेऊ नकोस, नेबर," तो म्हणाला. "तुला माहीतच नव्हतं. तुझा काही दोष नाही."

मी थँक यू म्हणालो.