फिलू टीचरनंतर गाणं कोण उचलणार?

आमच्या चर्चच्या कॉयरमधले निम्मे लोक बेसूर आहेत, आणि याला जबाबदार असलेली बाई गेल्या वर्षी आजच्याच दिवशी गेली.

फिलू टीचर.

मूळच्या वसईच्या. नवरा, म्हणजे आमचे बावतीसकाका, भातसा धरणावर नोकरीला. म्हणून लग्नानंतर भातसानगरच्या कॉलनीत आल्या आणि इथल्याच झाल्या. आठवडाभर शाळेत शिकवायच्या आणि रविवारी आमच्या छोट्याशा चर्चमध्ये गाणी बसवायच्या.

"तुला आवाज नाय" असं त्यांनी कधी कुणाला ऐकवलं नाही. आला त्याला काम.

कुणाला ढोलकी. ज्याचं सुराशी जन्माचं वाकडं, त्याला पडद्यावर गाण्याचे शब्द सरकवायला बसवायचं. दम लागणाऱ्या एका आजोबांना गाण्याचा नंबर पुकारायला दिला होता. काय थाटात पुकारायचे!

मी नोकरीसाठी कल्याणला होते, तिथून इकडे शहापूरला परत आले तेव्हा रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गुपचूप शेवटच्या बाकावर बसायचे. माझा आवाज जाड. शाळेत प्रार्थनेला मुली मागे वळून बघायच्या, तेव्हापासून तोंड बंदच ठेवलेलं.

टीचरने एका रविवारी पकडलंच. काय काय येतं, विचारलं. म्हटलं, काहीच नाय येत.

मग मला वैशाखऱ्याहून येणाऱ्या हिरामावशीच्या शेजारी बसवलं. मावशीचा गळा गोड, पण तिला वाचता येत नाही. प्रत्येक ओळ आधी तिच्या कानात सांगायची, एवढंच माझं काम.

कानात सांगता सांगता मी कधी गायला लागले, मला कळलंच नाही.
टीचरला बरोबर कळलं होतं. महाबिलंदर बाई.

आणखी एक गंमत म्हणजे आमचा कॉयर पुढे उभा राहायचाच नाही. दोन-तीन बाकांमागे आमच्यातला एक, असे लोकांत विखुरलेले बसायचो. एका नाताळला आम्ही हट्टच धरला. सगळ्या बायकांना सारख्या साड्या, पुढे माइक, एकदम झकास. टीचर म्हणाल्या,

"पुढे उभं राहिलं की लोक बघत बसतात गो. शेजारी बसून गायलं की लाजेकाजेस्तव तरी तोंड उघडतात."

साड्या नेसलो. बसलो बाकांवरच.

गाणं मात्र टीचरच उचलायच्या. पहिली ओळ त्यांची, आणि तीही चांगली वरच्या पट्टीत. मग आम्ही सगळे त्यांच्या मागून.

इथेच तर घोळ झाला.

टीचर अचानक गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी तीन बाकांवरून तिघांनी तीन पट्ट्यांत सुरुवात केली. ढोलकीवाला बिचारा, कुणाच्या मागे जाऊ, म्हणून हात वर धरून बसला. रडणारी माणसंही हसली.

पुढच्या रविवारी त्या धसक्याने कुणीच उचललं नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. फादर वेदीपाशी थांबले, अजून थोडं थांबले, आणि शेवटी त्यांनी मोबाइलवरचं गाणं स्पीकरला लावलं.

त्यांचा काय दोष? गाणंही मस्त होतं, अगदी स्टुडिओतलं. आम्ही सगळे हाताची घडी घालून ऐकत बसलो.

मला वाटलं, संपलं. आता दर रविवारी हेच होणार, आणि थोड्या दिवसांनी कुणाला आठवणारही नाही की इथे लोक स्वतः गायचे.

बाहेर चपला घालताना हिरामावशी म्हणाली की मोबाइलच ऐकायचा तर मी दोन बस बदलून कशाला येऊ.

त्याच्या पुढच्या रविवारी मिस्सेआधी बावतीसकाका माझ्या बाकाशी आले. काकांकडे पंखे, माइक आणि बॅटरी हे खातं. त्यांना गाताना कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

"आज तू उचल," म्हणाले.

मी म्हटलं, काका, माझा आवाज हा असा, टीचरची पट्टी मला जन्मात लागायची नाय.

"मग तुझ्या पट्टीत उचल. पण उचल."

उचललं. पहिली ओळ कशीबशी गेली. हिरामावशीने धरली, मग पुढच्या बाकांनी.

आणि मागून असा काही आवाज आला, की मी वळूनच बघितलं.

पुरुष गात होते!

मुरबाडकडचे, किन्हवलीचे, नेहमी दाराशी उभे राहून मिस्सा संपायची वाट बघणारे. टीचरच्या पट्टीत त्यांचा आवाज कधी पोचलाच नव्हता, आणि आम्ही खुशाल समजत होतो की यांना भक्ती नाय.

त्यानंतर स्पीकरवर गाणं लागलेलं नाही. आता एक गाणं टीचरच्या पट्टीत आणि एक माझ्या, असं चालतं. उंच गाणी हिरामावशी उचलते. ज्यांना कॉयरमध्ये यायचंय त्यांनी मिस्सेच्या अर्धा तास आधी या. गाता येत नसेल तरी या, पडदा सरकवायला माणूस हवाच आहे. कुणाला पेटी येत असेल तर सोन्याहून पिवळं.

अरे हो, काकांचं सांगायचं राहिलंच.

त्या रविवारी मिस्सा झाल्यावर ते माइकची वायर गुंडाळत होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. मी विचारलं, काका, तुम्ही पण गात होता?

"तिच्या पट्टीत मला कधी जमलं नाय," म्हणाले. "म्हणून गप्प बसायचो. ती शेवटपर्यंत समजायची, याला माझं गाणं आवडत नाय."

टीचर, काकांना तुमचं गाणं आवडायचं. फार आवडायचं.

आज संध्याकाळी तुमच्या वर्षाच्या मिस्सेचं पहिलं गाणं काकाच उचलणार आहेत.

प्रभूच्या घरी निवांत बसा, आणि ऐका.