सभेच्या टेबलावरचं मयत

आमच्या संस्थेत त्याला सगळे 'मयत' म्हणायचे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बेलापूरच्या एका शाळेत, चित्रकलेच्या वर्गात, आम्ही वीस-पंचवीस इंजिनिअर जमायचो. मुख्य भाषण सुरू व्हायच्या आधी टेबलावर स्टीलचं ताट यायचं, त्यावर पंचा टाकलेला. पंच्याखाली कुठल्या ना कुठल्या कारखान्यात मोडलेली वस्तू. कधी पंपाचं पातं, कधी दात उडालेलं गिअर, एकदा तर नुसता डोकं तुटलेला बोल्ट. ज्याने आणली असेल त्याने ती आधीच, वर्गात कुणी नसताना, ताटात ठेवून जायची. कुणाची, कुठल्या कंपनीची, हे विचारायचं नाही असा नियम होता. मग सगळ्यांनी ताटाभोवती उभं राहायचं आणि ती वस्तू कशाने मोडली ते नुसतं बघून सांगायचं. शेवटी सेक्रेटरी वहीत कारण लिहायचे, नाव लिहायचे नाहीत. आणणाऱ्याला वाटलं तर त्याने हात वर करावा, नाही वाटलं तर गपचूप वडा खाऊन घरी जावं.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे ही. ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंना कारखाने भरभरून चालू होते. मी पंचवीस-सव्वीसची, तुर्भ्याच्या एका छोट्या कंपनीत डिझाइनला. बाबा साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती वाहायचे. अख्ख्या भावकीत इंजिनिअर झालेली मी पहिली, आणि हे मी कुणाला विसरू द्यायचे नाही. फार शहाणी होते मी तेव्हा. साहेबांनी संस्थेचा फॉर्म भरून दिला म्हणून गेले, तर पहिल्या सभेत मला हसूच आवरेना. पन्नाशी-साठीची टकली माणसं त्या ताटाभोवती हात जोडल्यासारखी उभी! मला वाटलं, कुणीतरी आता पाणी पाजायला पुढे होणार.

हसू गेलं ते तिसऱ्या सभेत. ताटात गिअर होतं. चर्चा झाली, कारण निघालं की लोखंड चुकीच्या तापमानाला कडक केलंय. आणि समोरच्या बाकावरून एका मोठ्या कंपनीतल्या बड्या साहेबांनी हात वर केला. "माझं आहे. तापमान मीच लिहून दिलं होतं. चुकलो." एवढं बोलून ते खाली बसले आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. कुणी च्‌च् केलं नाही, कुणी पाठ थोपटली नाही. सेक्रेटरींनी वही मिटली आणि थर्मासमधला चहा ओतायला घेतला. आमच्या कंपनीत 'चुकलो' हा शब्द मी तोवर कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. माझ्या स्वतःच्या तर नाहीच नाही.

त्या सगळ्यांत एक होते, त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. कुठल्याशा वर्कशॉपात तुटलेलं लोखंड तपासण्यात त्यांनी चाळीस वर्षं काढली होती. बारीक अंगाचे, शर्ट बाहेर, पायात रबरी चपला. बसस्टॉपवर शेजारी उभे राहिले तर कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. ते नेहमी शेवटी बोलायचे. आधी वर्गातल्या बेसिनवर जाऊन हात धुवायचे, पुसायचे, आणि मग टपाल तिकिटं बघतात तसलं छोटं भिंग डोळ्याला लावायचे. ते बोलायला लागले की पंख्याचा आवाज ऐकू यायचा.

त्या पावसाळ्यानंतर आमच्या कंपनीवर संकट आलं. रंगाच्या एका कारखान्याला आम्ही टाकीतलं रसायन ढवळायचं यंत्र दिलं होतं. आठ महिने सुरळीत चाललं आणि एके दिवशी त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरणारा दांडा, मोडला. टाकीभर रंग वाया. चौकशी कोणी करायची? साहेबांनी माझ्यावर सोपवली. मला काय, आभाळ ठेंगणं झालं.

ते यंत्र जोडलं होतं आमच्या फिटर मिस्त्रींनी. उरणकडच्या गावातले, पन्नाशी उलटलेली, कंपनी सुरू झाली त्या दिवसापासून कामाला. पहाटेची एसटी धरून यायचे आणि माझ्याआधी हजर असायचे. मी त्यांना समोर बसवून चौकशी केली आणि तीन पानी रिपोर्ट लिहिला. मुद्दा एकच: शाफ्टवर बेअरिंग, म्हणजे तो ज्यात फिरतो ते कडं, बसवताना मिस्त्रींनी हातोड्याने ठोकलं, त्याने शाफ्टला तडा गेला, तो तडा वाढला आणि शाफ्ट मोडला. मी पाहिलं होतं का? नव्हतं. पण दुसऱ्या एका कामाला त्यांच्या हातात हातोडा पाहिला होता, आणि मला तेवढं पुरलं. साहेब खूश. कुणाला तरी जबाबदार धरायचंच होतं. म्हणाले, "सोमवारी मिस्त्रीला घरी बसायचं लेटर देऊन टाकू."

मधे तो दुसरा शनिवार आला. मोडक्या शाफ्टचा एक तुकडा मी साहेबांना विचारून घेतला. खरं सांगते, मिस्त्रींची कणव येऊन नाही. मला शाबासकी हवी होती. सगळ्या थोरामोठ्यांनी बघावं, 'ठोकल्यामुळे मोडलंय' म्हणावं, आणि मग मी ऐटीत हात वर करून सांगावं, बरोबर, माझ्याही रिपोर्टात हेच आहे. तो तुकडा आईच्या जुन्या परकरात गुंडाळून बाजाराच्या पिशवीत घातला. बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली तर मांडीला मुंग्या आल्या. कंडक्टर म्हणाला, "ताई, पाटा-वरवंटा निघाला का माहेरी?" मी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा तिकीट देऊन पुढे सटकला.

सगळ्यांच्या आधी पोचून तुकडा ताटात ठेवला, पंचा टाकला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

सभा सुरू झाली, पंचा निघाला. एकजण म्हणाले लोड जास्त झाला असेल. दुसरे म्हणाले, लोखंडच हलकं. तिसरे म्हणाले, "मला तर जोडताना ठोकलेला वाटतो बुवा." माझा हात मांडीवरून उठलाच होता. तेवढ्यात सर बेसिनवरून हात पुसत आले.

"तोंडाला बोट लावू नका कुणी," ते म्हणाले. तुटलेल्या बाजूला ते तोंड म्हणायचे. तुकडा खिडकीच्या उजेडात नेला, भिंग लावलं आणि हळूहळू फिरवत राहिले. पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांनी आम्हाला एकेक करून जवळ बोलावलं.

"या रेघा बघा."

मी वाकले. देवाशप्पथ सांगते, तो तुकडा आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होता आणि मला त्या रेघा दिसल्या नव्हत्या! आडव्या कापलेल्या कांद्यात दिसतात तशी बारीक-बारीक गोल वर्तुळं, बाहेरून आत चाललेली. इतकी वर्षं कांद्यांच्या मार्केटाशेजारी राहिलेली मी, आणि मला तो कांदा दिसला नव्हता.

"तडा बाहेरच्या कडेला सुरू झाला," सर सांगायला लागले, गावाकडच्या कुणाची हकीकत सांगावी तसं. "केसाएवढा. आणि एका जागी नाही, बघा, कडेवर चार-पाच ठिकाणी. मग रोज थोडा-थोडा आत गेला. ही ठळक रेघ दिसते ना, तिथे थांबला. मशीन बंद असणार. सुट्टी असेल. चालू झालं, परत निघाला. परत थांबला. असे कित्येक महिने. आणि हा मधला खडबडीत भाग, सुपारीएवढा, हा शेवटचा. एवढंच लोखंड शिल्लक होतं आणि तरी ते मशीन ओढत होतं. मग एका क्षणात गेलं."

आठ महिन्यांचा एकेक दिवस त्या लोखंडाने लिहून ठेवला होता, सुट्ट्यांसकट, आणि रबरी चपला घातलेला हा माणूस तो वाचत होता. मी मिस्त्रींना विसरले, रिपोर्ट विसरले, शाबासकी विसरले. असं काही जगात असतं आणि मला ते बघायला मिळतंय, एवढंच मनात होतं.

"आणि ठोकल्याचं काय?" मघाचे गृहस्थ म्हणाले.

"हातोडा एका जागी लागतो," सर म्हणाले. "इथे तडे कडेभर आहेत. ठोकणाऱ्याचा काही संबंध नाही." मग त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि अंगठ्याचं नख शाफ्टच्या कोपऱ्यात घातलं. जाड दांडा जिथे एकदम बारीक होतो, त्या कोपऱ्यात. नख फिरवत म्हणाले, "हा कोपरा काटकोनात आहे. इथे गोलाई पाहिजे होती. धारदार कोपरा ठेवला की सगळा ताण तिथे गोळा होतो. कारागिराने कापलंय सुरेख. त्याला ड्रॉइंगच तसं दिलेलं असणार."

ड्रॉइंग माझं होतं. आणि गोलाई तर आधी होती त्यावर! पण तिच्यामुळे बेअरिंग कोपऱ्यापर्यंत नीट टेकत नव्हतं, कागदाएवढी फट राहत होती. ती फट माझ्या डोळ्यांना खुपली. मी ब्लेडने ती गोलाई ट्रेसिंग पेपरवरून खरवडून काढली, तिथे दोन सरळ रेघा मारल्या, खाली सही केली आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

सेक्रेटरींनी वहीत लिहिलं. 'कोपऱ्याला गोलाई नाही. दोष ड्रॉइंगचा.' मग नेहमीप्रमाणे त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं आणि थांबले.

हात वर करायला मला किती वेळ लागला माहीत नाही. वड्यांचा वास येत होता. शेवटी हात वर गेला. "माझं आहे," मी म्हणाले. "ड्रॉइंग माझं. चुकले." मला वाटलं, आता निदान सर तरी म्हणतील, शाब्बास पोरी, कबूल करायला धीर लागतो.

सरांनी विचारलं, "ठोकण्याचं कुणाच्या डोक्यावर आलंय का?"

मी सगळं सांगितलं. मिस्त्री, तीन पानी रिपोर्ट, सोमवारचं लेटर.

"मग इथे सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. रागावले नाहीत, साधंच विचारलं. "इथे कुणाची नोकरी जात नाहीये. ऑफिस किती वाजता उघडतं तुमचं? आणि त्या ड्रॉइंगवरचे आणखी किती शाफ्ट चालू आहेत बाहेर?"

सहा होते. तो विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता.

भाषण कशावर झालं ते मला आजही आठवत नाही. रविवार कसाबसा काढला. बाबांनी विचारलं, जेवत का नाहीस, तर मी त्यांच्यावरच खेकसले. सोमवारी साहेबांच्या आधी त्यांच्या केबिनबाहेर उभी होते. नवा रिपोर्ट अर्ध्या पानाचा होता. साहेबांनी तो दोनदा वाचला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "कळतंय का तुला, काय लिहून देतेयस? पार्टीला काय सांगू मी? आमची पोरगी चुकली?" मी म्हटलं, "हो साहेब, तसंच सांगा. पण आधी ते सहा बंद करायला सांगा." साहेबांनी फोन ओढला आणि एकेका कारखान्याला मशीन थांबवायला सांगितलं. मिस्त्रींचं लेटर टाइप होऊन समोरच पडलं होतं. ते त्यांनी फाडलं नाही, नुसतं ड्रॉवरमध्ये सरकवलं आणि म्हणाले, "जा. मिस्त्रीला सांग, काम चालू ठेव म्हणावं. आणि तू स्वतः सांग."

मी खाली शेडमध्ये गेले. मिस्त्री बाकावर हत्यारं मांडून एकेक पुसत होते. घरी न्यायची म्हणून पुसत होते हे माझ्या नंतर लक्षात आलं. लेटरची कुणकूण त्यांना लागलेली होती. जिना उतरताना मी मोठं भाषण तयार केलं होतं, पण समोर आल्यावर एवढंच निघालं, "मिस्त्री, तुमची चूक नव्हती. माझी होती. त्या कोपऱ्याची."

"हां," ते म्हणाले. "कोपऱ्याचीच हाय ती."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मंग? इतकी वर्सं शाफ्ट बगतो मी. कोपरा बगितला तेवाच बोललो, हा काय टिकनार नाय."

मला रागच आला. लाजेचा असेल, पण राग. "अहो, मग चौकशीत का नाही सांगितलंत? समोर बसला होतात ना माझ्या!"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "सांगितला ना म्याडम. दोनदा सांगितला. तुमी तेवा लिवत नव्हत्या."

मी धावत वर गेले आणि चौकशीची वही काढली. अर्धा तास तो माणूस माझ्यासमोर बसून बोलला होता. पानावर चार ओळी होत्या, आणि चारही माझ्याच प्रश्नांच्या.