खातेदार स्वतः

कोणी फोनवरच्या ‘मान्य आहे’कडे बोट नेलं की ते आपला पंजा मधे धरत. ‘थांबा. वाचलं का?’ समोरचा हसे. ते हसत नसत. अटींची अठ्ठावीस पानं त्यांनी स्वतः वाचलेली असत, आणि वाचून होईपर्यंत त्यांचा फोन जुन्याच अवस्थेत पडून राही.

विमा कंपनीच्या क्लेम विभागातून ते निवृत्त झाले होते. मूळचे अकोल्याचे. बदल्या होत होत जयपूरला आले आणि आदर्श नगरात घर करून राहिले. इतकी वर्षं हिंदी मुलखात काढूनही बोलण्यातलं वऱ्हाड सुटलं नव्हतं. फक्त मधे मधे ‘मतलब’ येई. बिलाच्या मागचा बारीक मजकूर वाचणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला रांगेत पुढे जायला सांगतो आणि मागे उभे राहून चडफडतो.

मी इथल्या एका हिंदी दैनिकात ग्राहकांचं पान बघत होतो. जिच्या सेवेशिवाय आता कोणाचाच फोन चालत नाही अशा एका मोठ्या कंपनीबद्दल आम्ही वाचकांची मतं मागवली. पत्रं भरपूर आली. विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका वर्कशॉपच्या मालकाने कळवलं की कंपनीच्या नकाशावर त्याचं वर्कशॉप ‘कायमचं बंद’ दिसतं, तो रोज शटर उघडतो, आणि हे सांगायला कंपनीत माणूस सापडत नाही. जगतपुऱ्यातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने एकच ओळ लिहिली : ‘सब फ्री मिल रहा है, फिर शिकायत कैसी?’

त्याच आठवड्यात ते फाइल घेऊन आले.

‘काय छापून राहिले तुम्ही? ही सगळी पत्रं वाचली का?’

‘निम्मी वाचली, काका.’

‘आणा इकडे.’

त्यांनी दोन तास बसून पत्रांचे तीन गठ्ठे केले. नियमच चुकीचा आहे, अशी पत्रं एकीकडे. नियम बरोबर पण माणसाने अर्ज चुकीचा भरला, अशी दुसरीकडे. आणि अर्ज कोणी वाचलाच नाही, अशी तिसरीकडे. तिसरा गठ्ठा सर्वांत उंच झाला. त्यावर त्यांनी स्वतःची फाइल ठेवली.

त्यांची तक्रार अशी होती. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, अर्धांगवायूचा झटका आला, त्या पडल्या, हातातला फोन फुटला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. शब्द येत नव्हता. त्याआधी काही वर्षं काकू लष्करी वसाहतीतल्या मराठी मुलांना मराठी शिकवत. वडिलांच्या बदलीमुळे दूर गेलेल्या मुलांसाठी त्यांनी धडे स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवले होते. ते सगळे कंपनीकडच्या त्यांच्या खात्यात होते. वाचा परत आणण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, ‘त्यांच्याच आवाजातलं काही असेल तर आणा. आणि उशीर करू नका.’

खातं नव्या फोनवर उघडेना. पासवर्ड काकूंनी बदललेला होता, आणि तो त्यांना सांगता येत नव्हता, लिहिताही येत नव्हता. खात्याला जोडलेला नंबर मागच्या पोस्टिंगच्या गावातला, कधीच बंद झालेला. उरला ऑनलाइन अर्ज. त्यातला पहिला प्रश्न : आपण स्वतः खातेदार आहात का? त्यांनी लिहिलं, ‘नाही. पती.’

उत्तर लगेच आलं. खातेदाराखेरीज कोणालाही प्रवेश देता येत नाही. हा निर्णय अंतिम आहे.

‘काका, ‘हो’ म्हणायचं होतं,’ मी म्हणालो. ‘पुढचे प्रश्न काय असतात? खातं कधी उघडलं, जुना पासवर्ड काय. तुम्हाला ते माहीत असणार.’

‘खातं मीच उघडून दिलं होतं तिला. सगळं माहीत आहे.’

‘मग?’

‘मग काय? मी खातेदार आहे का? मतलब, खोटं निवेदन देऊ? आयुष्यभर त्याच्यावरच तर क्लेम नाकारले मी.’

मुलीनेही पुण्याहून फोनवर हेच सांगितलं होतं आणि दोघांत अबोला झाला होता.

त्यांनी त्यांच्या पद्धतीने काम केलं. काकूंना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान हलवली, मग कागदावर त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. दोन साक्षीदार, डॉक्टरांचा दाखला, बँक मॅनेजरची सही आणि शिक्का. हे सगळं रजिस्टर पोस्टाने कंपनीच्या कार्यालयाला पाठवलं. पोचपावती आली. पंधरा दिवसांनी ईमेल आली : आपला प्रश्न ऑनलाइन अर्जाद्वारे मांडावा.

‘मी त्यांना चोर म्हणून नाही राहिलो,’ ते मला म्हणाले. ‘नियम चांगला आहे. उद्या कोणीही उठून बायकोचं खातं उघडेल. पण माझ्या प्रत्येक नकाराखाली माझं नाव असे. लोक येऊन समोर बसत, भांडत. हे पत्र कोणी लिहिलं, त्याचं नाव सांगा एवढंच म्हणतो मी.’

मी त्यांची हकिकत मुख्य बातमी म्हणून लिहायला घेतली. तिच्यात सगळं होतं : कागद, तारखा, पोचपावती. कंपनीला प्रश्न पाठवले. उत्तर आलं नाही. बातमी रविवारी जाणार होती.

शुक्रवारी ते आले. फाइल नव्हती.

‘माझी बातमी काढून टाका.’

‘का? काय झालं?’

‘केलं मी. ‘हो’ लिहिलं. खातेदार स्वतः.’

‘उघडलं?’

‘दहा मिनिटांत.’

मी अभिनंदन केलं. मग त्यांनी सीकरकडच्या एका बाईची गोष्ट सांगितली. नवऱ्याची बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू करायच्या अर्जावर तिने त्याच्या नावाने सही केली होती. तो दवाखान्यात होता. पुढे तो गेला. सही तपासली, जुळली नाही, यांनी क्लेम नाकारला. ती समोर येऊन बसली होती.

‘म्हणाली, ‘साहब, उनके हाथ में ताकत ही नहीं थी. मुझसे बोले, तू कर दे.’ मी तिला कलम वाचून दाखवलं. हिंदीत. नीट समजावून.’

‘नियम तसाच होता ना, काका?’

‘तसाच होता. आजही मी तेच लिहीन बहुतेक.’ मग म्हणाले, ‘नाही. माहीत नाही. पण रविवारी माझं नाव खरं बोलणारा म्हणून नका छापू. ते पाहून तिला काय वाटेल?’

ती बाई कुठे असेल, हे त्यांना माहीत नव्हतं. आमचा पेपर तिच्या घरी जात असेल, असं मानायलाही कारण नव्हतं. मी ती बातमी काढून टाकली. रविवारी वर्कशॉपवाल्याची छापली. बरी झाली.

महिन्याभराने आदर्श नगरात गेलो. दार त्यांनीच उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून आत बोलावलं. काकू खिडकीशी खुर्चीत होत्या. शेजारच्या स्टुलावर फोन होता आणि त्यातून काकूंचाच आवाज येत होता, ठणठणीत, थोडा घाईचा.

‘कमळ. म्हणा.’

पुढे शांतता. मुलांनी म्हणावं म्हणून काकूंनी प्रत्येक शब्दानंतर जागा सोडली होती. त्या जागेत काका म्हणाले, ‘कमळ.’

‘छान,’ फोन म्हणाला. ‘बाळ. म्हणा.’

‘बाळ,’ काका म्हणाले.

‘केळं. म्हणा.’

या वेळी ते गप्प राहिले. काकूंचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. ओठ एका बाजूने हलले. ‘के,’ असा काहीसा आवाज आला आणि अडला.

‘छान,’ म्हणून फोन पुढच्या शब्दाकडे निघाला. काकांनी वाकून रेकॉर्डिंग थांबवलं आणि काकूंकडे बघत बसले.