इमानाचे इंजिन

नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात अर्जुनराव सोळंके नावाचे फिटर नोकरीस होते. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा चार-पाच वर्षे झाली असतील. अर्जुनरावांना स्वस्थ बसणे ठाऊकच नव्हते. लग्नाच्या पंगतीत वाढपी येईपर्यंत ते पत्रावळीच्या काड्या उपसून ठेवीत. कीर्तनाला गेले तर पेटीच्या भात्यातून हवा कुठे गळते, इकडेच त्यांचे चित्त लागे. त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई म्हणत, "लोकाईच्या पायाले भिंगरी असते. यांच्या हाताले बी हाय."

या चळवळ्या हातांना एक छंद जडला होता. खेळातल्या विमानांना पूर्वी विलायतेहून लहान लहान इंजिने येत. मोठ्या लिंबाएवढे इंजिन, पण त्यात सिलिंडर, दट्ट्या, पंखा, सारे खरे असे. त्याला ठिणगीचा प्लग नसे. माथ्यावरची आडवी दांडी पिळून आतला दाब वाढवायचा आणि पंख्याला बोटाने झटका द्यायचा, की ते पेट घेई. घासलेट, एरंडेल आणि दवाखान्यातले ईथर हे त्याचे खाद्य होते. वर्षानुवर्षे पेटीत पडलेल्या इंजिनात हे एरंडेल वाळून डिंकासारखे होई आणि दट्ट्या जागीच चिकटून बसे. अशी बसलेली इंजिने अर्जुनराव अकोल्याच्या भंगार बाजारातून शोधून आणीत, कोमट घासलेटात भिजत घालीत, वाकलेली सुई बदलीत, झिजलेल्या जागी पितळेची बारीक नळी कातून बसवीत. अशी सात-आठ इंजिने त्यांनी फळीवर मांडली होती.

वऱ्हाडात विमानाला जुनी माणसे इमान म्हणतात. त्यामुळे गल्लीत त्यांचे नाव 'इमानवाले' असे पडले होते. शेजारच्या पुष्पाबाई भिंतीवरून विचारीत, "काय हो इमानवाले, उडालं का इमान?" अर्जुनराव ते हसण्यावारी नेत. मात्र कोणी इंजिनाला खेळणे म्हटले की त्यांचा तोल जाई. "खेळणं नाही, हत्यार हाय हे हत्यार! जिनातल्या इंजिनाचं सख्खं भावंड हाय!" हे वाक्य रुख्मिणीबाईंनी इतक्या वेळा ऐकले होते की त्यांनीही ते खरे मानले होते.

फळीवरचे सर्वांत देखणे इंजिन मात्र अर्जुनरावांचे नव्हते. ते खामगावचे चित्रकलाशिक्षक कै. नारायणराव देशपांडे यांचे होते. नारायणराव शाळेमागच्या मैदानात दोन तारांना बांधलेले विमान आपल्याभोवती गरगर फिरवीत. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचा मुलगा भालचंद्र याला ते इंजिन ट्रंकेत सापडले, तेव्हा ते दगडासारखे बसलेले होते. भालचंद्र मुंबईला सरकारी कचेरीत कारकून होता. अर्जुनरावांच्या छंदाविषयी ऐकून त्याने ते त्यांना आणून दिले आणि म्हटले, "काका, सुरू झालं तर मी घेऊन जाईन. वडिलांचा आवाज आता त्यातच उरला आहे. नाही झालं, तर तुमच्याकडेच राहू द्या."

दोन वर्षे अर्जुनराव त्यामागे लागले होते. अखेर गणपतीच्या दिवसांत एका सकाळी ते इंजिन असे कडाडले की गल्लीतल्या कोंबड्या छपरावर चढल्या. अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या दिवसापासून मात्र त्यांची झोप उडाली. मुंबईला कळवायला हवे होते. आज कळवू, उद्या कळवू, असे करता करता पितृपक्ष उलटला, नवरात्र बसले. पण त्यांनी कळवले नाही. दिवसातून दहादा ते इंजिन फळीवरून उतरवीत, पुशीत आणि पुन्हा ठेवीत.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी कारागीर आपली हत्यारे घासून पुसून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि दिवसभर त्यांना कामाला लावीत नाहीत. अर्जुनराव जिनातली पूजा आटोपून दुपारी घरी आले, तो अंगणात भालचंद्र उभा.

"आईला भेटायला खामगावला आलो होतो. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परत निघालोय. म्हटलं, तुमच्याकडे डोकावून जावं."

अर्जुनरावांनी आधी दाराकडे पाहिले. घरात पाटावर नट पिळायचे पाने, हातोडी, कानस यांच्या ओळीत ते इंजिन मांडलेले होते. त्याला हळदकुंकू लागले होते आणि माथ्यावर झेंडूचे फूल होते.

भालचंद्र त्याच्यासमोर उकिडवा बसला. "किती चकचकीत झालंय! काका, सुरू होतं का?"

अर्जुनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आज... आज हत्यार चालवत नसतात, भाऊ."

"पण हे तर खेळणं आहे!"

"आमच्या घरात त्याले खेळणं म्हणू नका हो," रुख्मिणीबाई चहा देता देता म्हणाल्या. "खेळणं असतं तर म्या पाटावर काऊन ठेवलं असतं?"

भालचंद्र ओशाळला. त्याने चहा संपवला, इंजिनाला हात जोडले आणि म्हणाला, "राहू द्या. मी समजलो, काका. सुरू होत नाही, हे सांगायला तुम्हाला जड जातंय. आपलं बोलणं ठरलेलं आहे. ते तुमच्याकडेच राहू दे."

अर्जुनरावांना हवे होते ते न मागता मिळाले होते. त्यांच्या तोंडून एकही खोटा शब्द गेला नव्हता. खंडेनवमीला हत्यार चालवीत नाहीत, हे खरेच होते. तरीही त्यांना जागी उभे राहवेना. ते विहिरीवर गेले, पोहरा सोडला, पाणी न काढताच वर ओढला. परत आले, तेव्हा भालचंद्र पायात चपला घालत होता. इतक्यात भिंतीपलीकडून पुष्पाबाईंचा आवाज आला, "पाव्हणे आले वाटते! इमान दाखवलं का हो त्याईले?"

पुष्पाबाईंना विमानच म्हणायचे होते. अर्जुनरावांना मात्र तो शब्द कानशिलात बसल्यासारखा लागला.

"भाऊ, थांबा," ते म्हणाले. "सुरू होते ते. गणपतीतच झालं. म्याच कळवलं नाही तुमाले." आणि पत्नीकडे वळून म्हणाले, "रुख्मिणी, पूजा उतरव."

"काय बोलून राह्यले! उद्या सकाळी उतरते पूजा. दरसाल तुमीच तर मले दटावता."

"यंदा त्याईची गाडी हाय वं."

"गाडीसाठी नवमी मोडाची का?"

भालचंद्र चाचरत म्हणाला, "काकू, नवमी तर दुपारीच संपली. आईनं सकाळी पंचांग वाचून दाखवलं. तीन वाजल्यापासून दशमी लागली आहे."

रुख्मिणीबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "बाप्पा! देशपांड्याच्या घरचं पंचांग हाय, म्हणजे खरंच असन." त्यांनी पाटावर अक्षता टाकल्या, इंजिनावरचे फूल उचलले, पूजा उतरवण्यासाठी इंजिन जरासे हलवले आणि पदराने कुंकू पुसून पतीच्या हाती दिले. "बाकीचे आज बसतीन. हे एकलंच उठलं."

अर्जुनरावांनी पंख्याला बोट लावले आणि ते तसेच थबकले. पंखा फिरताना आत कचकच लागत होती. त्यांनी धूर निघायच्या भोकापाशी बोट फिरवले. बोटाला करड्या रंगाची पूड लागली.

"हे कशानं घासलं वं?"

"कशानं म्हंजे? हत्यारं कशानं घासतात? राखेनं. चांगलं नारळाच्या काथ्यानं घसघस घासलं. तुमीच तर म्हणता, हत्यार हाय."

अर्जुनरावांनी कपाळाला हात लावला. कोणी त्याला खेळणे मानले असते, तर त्या दिवशी ते फळीवर सुखरूप राहिले असते. आता त्याला तसेच फिरवले असते, तर राखेने सिलिंडर ओरबाडून निघाला असता आणि दाब कायमचा गेला असता. मग ते कुणाच्याच कामाचे उरले नसते. तिकडे गाडीची वेळ भरत आली होती.

"तसंच लावून बघू या का?" भालचंद्राने विचारले. "पुढची गाडी रात्री उशिराची आहे, आणि उद्या दसरा असला तरी कचेरीत माझी पाळी आहे."

"नाही!" अर्जुनराव ओरडले. लगेच ते खाली बसले. पूजेतली हत्यारे उचलता येत नव्हती, म्हणून त्यांनी चुलीजवळची सांडशी आणि रुख्मिणीबाईंची मेथी खुडायची लहान सुरी घेतली. बारीक स्क्रू सुरीच्या टोकाने सोडवताना ते दोनदा घसरले आणि एकदा बोट कापले. परातीत घासलेट ओतून त्यांनी एकेक भाग धुतला, आणि घाई असतानाही सावकाश धुतला. रुख्मिणीबाई दिवा जवळ धरून होत्या. मध्येच त्या पुटपुटल्या, "मले काय माहीत, आत बी जागा असते म्हनून."

इंजिन जुळले. ओट्याच्या लाकडावर ते दोन खिळ्यांनी अडकवले. पहिल्या झटक्याला पंख्याने उलटा तडाखा दिला. दुसऱ्याला नुसता धूर झाला. अर्जुनरावांनी माथ्यावरची दांडी थोडी सैल केली, सुई अर्धा फेरा उघडली, दात ओठ खाऊन बोट मारले, आणि ते गरजले! एरंडेलाचा वास सगळ्या अंगणात पसरला. भिंतीवरून पुष्पाबाईंचे डोके वर आले आणि खाली गेले. भालचंद्र कान न झाकता उभा होता. डोळे मिटून तो स्वतःभोवतीच हळूहळू फिरू लागला, जणू त्याच्या हातांत दोन तारा होत्या.

इंधन संपले आणि आवाज थांबला. अर्जुनरावांनी इंजिन कापडाने पुसले, एका जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळले आणि दोन्ही हातांनी पुढे केले. ते देताना त्यांची बोटे गाठोड्यावर काही क्षण अडकून राहिली. मग ती सुटली.

सायकलच्या मागे भालचंद्राला बसवून त्यांनी स्टेशन गाठले, तेव्हा गाडीने शिट्टी दिली होती. डब्याच्या दारातून भालचंद्राने हाक मारली, "काका, मुंबईत एरंडेल कोणतं घेऊ?"

"औषधाचं नका घेऊ! घाण्याचं घ्या!" गाडीबरोबर चालत अर्जुनराव सांगू लागले. "आन् जवसाचं कोणी देलं तर घ्याचं नाही, जाम होते! चालवून झालं का घासलेट पाजा! दांडी जास्त पिळू नका! आन् राख..." गाडीचा वेग वाढला. ते धावू लागले. "राख लावू देऊ नका कोणाले!"

फलाट संपला तसे ते थांबले. त्यांच्या तोंडात अजून पुष्कळ सूचना होत्या. त्या सांगायला समोर कोणीच उरले नाही, तरी लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत ते एकेक सूचना हळू आवाजात पुरी करीत राहिले.