चारशे मेगाहर्ट्झ आणि पुलाजवळचं वळण

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सगळं श्रेणीनुसार मिळायचं: क्वार्टरच्या खोल्या, छताचे पंखे, अंगणातल्या कुंड्यासुद्धा. त्यामुळे क्लबात दोन कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांतली रॅमही श्रेणीनुसारच आली. अधिकारी कक्षातल्या कॉम्प्युटरला पाचशे बारा एमबी. त्यावर साहेब लोक पत्ते लावत. कर्मचाऱ्यांच्या हॉलमधल्याला दोनशे छप्पन्न. त्यावर मोटारींची शर्यत चाले. मी तरुण इंजिनिअर होतो आणि कॉम्प्युटर उपसमितीचा सचिव, म्हणजे इतिवृत्त लिहिणारा.

हॉलमध्ये सगळ्यांत सरस खेळायच्या त्या स्टोअर्समधल्या एक बाई, मूळच्या उज्जैनच्या. त्या वर्षी टाउनशिपांच्या आपसांतल्या स्पर्धेत कॉम्प्युटरवरची शर्यत घातली होती. प्रत्येक टाउनशिपकडून एकच खेळाडू जाणार होता, आणि बाईंना जायचं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत टाउनशिपनं त्यांना कुठेच पाठवलं नव्हतं.

अडचण पुलाजवळच्या वळणाची होती. तिथे आलं की चित्र दोन सेकंद थिजायचं, आत हार्ड डिस्क खरखरायची, आणि चित्र पुन्हा हलेपर्यंत गाडी कळांना दाद न देता सरळ नदीत. रॅममध्ये जागा पुरत नसल्यानं कॉम्प्युटर थोडं सामान डिस्कवर ठेवी आणि लागेल तेव्हा तिथून ओढून आणी. रॅम दुप्पट करावी, अशी टिपणी मी समितीपुढे ठेवली.

अध्यक्षांचं आयुष्य टर्बाइनमध्ये गेलं होतं. त्यांनी विचारलं, "आत्ताची किती मेगाहर्ट्झ?"

"दोनशे सहासष्ट, सर. पण प्रश्न वेगाचा नाही, जागेचा..."

"अहो, वेग वाढवल्याशिवाय कुठलं यंत्र सुधारलंय? चारशेची मागवा."

चारशेची आली, दोनशे छप्पन्न एमबीचीच. नवी वस्तू हवी तर जुनी भंगारात जमा करायची, या नियमानं जुनी रॅम काढून नेली. नारळ फुटला. अध्यक्षांनी खोक्यावरचा आकडा सगळ्यांना वाचून दाखवला. जुना मदरबोर्ड नव्या रॅमलाही दोनशे सहासष्टच्या वर पळू देत नव्हता. मला ते पडद्यावर दिसलं. इतिवृत्तात मी ते लिहिलं नाही.

बाई खेळायला बसल्या आणि पुलाजवळ नदीत गेल्या.

"दादा, ही पण तशीच निघाली की! माझ्या स्टोअरात रॅक भरले तर मी काय हमालाला पळवते? दुसरा रॅक मागते."

निवड चाचणी अधिकारी कक्षात घ्यावी, असं मी सुचवून पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "मग उद्या कर्मचाऱ्यांना तिथे चहाही द्यावा लागेल. आणि चारशेची कशासाठी आणलीय?"

चाचणी हॉलमध्येच झाली. कक्षातल्या कॉम्प्युटरवर सराव केलेले दोन अधिकारी समोर होते. दोघेही पुलाजवळ नदीत गेले. बाईंनी मात्र मधल्या काळात त्या वळणाचा अभ्यास केला होता. अलीकडच्या विजेच्या खांबापाशीच त्यांनी गाडी डावीकडे घेतली, थिजलेल्या पडद्याकडे बघत "एक, दो" मोजलं, आणि चित्र हललं तेव्हा गाडी पुलापलीकडे होती. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत ना चारशेचा परिणाम?" ते मला म्हणाले, आणि ते मी लिहून घेतलं.

स्पर्धा दुसऱ्या टाउनशिपमध्ये होती. तिथल्या कॉम्प्युटरला म्हणे एक जीबी रॅम होती. बाई परतल्यावर मी स्टोअरात गेलो.

"पहिल्या फेरीत आदळले ना," त्या म्हणाल्या. "सवयीनं खांबापाशीच वळवली, आणि तिथलं चित्र तर थांबलंच नाही. सरळ कठड्यावर. नंतर जमलं. तिसरी आले."

"वाईट वाटलं असेल."

"थोडं वाटलं." त्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. "पण दादा, त्या पुलाला कमानी आहेत, माहितीये? दोन्ही बाजूंनी, लाल रंगाच्या. आपल्याकडे कधी दिसल्याच नाहीत."