साबणाचे बुडबुडे

परवा साबणाच्या फेसाचा वास आला आणि ती सकाळ आठवली. बाबा विहिरीजवळ पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, गावची एकुलती ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन गोव्याला गेलेली, आणि त्यांचं न ऐकता मी हौसेने घेतलेली जुनी, स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली मोठी गाडी अंगणात मागून खाली बसली होती. तिच्याखाली उताणा पडून हवा कुठून गळते ते शोधायला मी नळ्यांवर साबणाचं पाणी ओतलं. डाव्या फुग्यापाशी बुडबुडे आले. खाऱ्या वाऱ्याने जोड गंजला होता. चिकटपट्टी गुंडाळली, तीही फुस्स करून निघाली. ओसरीवर बाबा कण्हत होते. शेवटी शेजारचे रापणकर, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे मच्छीमार, धावत आले. "आमी होडी उचलतंव, हेचा काय!" म्हणत त्यांनी मागची बाजू खांद्यावर घेतली, मी चाकांचा आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे ठोकले. मग इस्पितळापर्यंत प्रत्येक खड्डा थेट बाबांच्या हाडात गेला. मी रडवेला होऊन माफी मागितली तर म्हणाले, "गाडी बरी आसा रे, रस्तोच वायट." दातांत धरलेला पंचा त्यांनी तेवढ्यापुरता काढला होता. आता बाबा नाहीत, तो रस्ताही गुळगुळीत झाला आहे. तरी त्या वाटेवरचं, तेव्हा सगळ्यात जास्त खड्ड्यांचं, कट्टा गावाचं वळण आलं की माझा पाय ब्रेकवर जातो.